डबा शोधायला गेलो आणि साळुंकी परकी निघाली

गेल्या अंकात आमच्या जिओकॅशिंगच्या सहलीबद्दल चार ओळी छापल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पैठण रोडला ओळखीच्या दोन शेतांत आणि मधल्या ओढ्याच्या काठानं आम्ही सात डबे लपवले, लहानमोठ्या सगळ्यांनी मोबाईलवर जीपीएस लावून ते शोधले, आणि प्रत्येक डब्यात एकेका पक्ष्याचं कार्ड होतं. विषय होता परके पक्षी, म्हणजे माणसानं एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात नेले, सोडले किंवा पिंजऱ्यातून निसटले, आणि मग तिथल्या रानात कायमचे रुजले असे. मराठवाड्यात असे पक्षी बघायला मिळत नाहीत म्हणून आम्ही उलटं केलं, आपल्या ओळखीचे साळुंकी-कावळ्यासारखे जे पक्षी दुसऱ्यांच्या देशात परके झालेत त्यांची कार्डं केली. आता पत्रांकडं वळते.

ताई, जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय असतं? ॲप लागतं का, पैसे भरावे लागतात का? आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे.
*कॉलेजचा विद्यार्थी, लातूर*

पैसे लागत नाहीत, आणि पहिल्यांदा करताना खास ॲप पण लागत नाही, मोबाईलमधला नकाशा पुरतो. एकानं डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगायचे, बाकीच्यांनी ते आकडे धरून शोधायचा. डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसाच, होता तिथंच परत ठेवायचा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमच्या मागून येणाऱ्याचा शोध त्यावर आहे.

याची सुरुवात २००० सालची. तोवर अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड घातलेली असायची, साध्या माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरपर्यंत चूक यायची. २ मे २००० ला ती गडबड बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं जंगलात एक बादली अर्धवट पुरून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं होती, व्हिडिओ होते, आणि एक गलोलही होती. आज जगभरात तीस लाखांच्या वर डबे आहेत. अधिकृत वेबसाईटवर डबा नोंदवायचा असेल तर तो निदान तीन महिने जागेवर राहायला पाहिजे आणि शेजारच्या डब्यापासून १६१ मीटर तरी लांब पाहिजे असे नियम आहेत. आमचे डबे एका दिवसाचे, म्हणून आम्ही नोंदवले नाहीत, आकडे कागदावर लिहून वाटले. तुम्ही पण तसंच सुरू करा.

तुम्ही परके पक्षी परके पक्षी म्हणायलात आणि भोरड्यांचं नावच नाही त्यात. दरसाल बाहेरच्या देशातून येतात, हुरड्यात आलेली ज्वारी एका सकाळी साफ करून जातात. कावळा-साळुंकीला परकं म्हणता मग भोरडीला काहून नाही?
*ज्वारी उत्पादक शेतकरी, ता. परतूर, जि. जालना*

दादा, सगळ्या पत्रांत हे पत्र मी दोनदा वाचलं. माझं बालपण ज्वारीच्या रानातच गेलंय, पहाटे माळ्यावर चढून गोफण फिरवणारे माझे आजोबा आणि पाखरं उठवायला पत्र्याचा डबा बडवणारी आम्ही पोरं, हे सगळं डोळ्यासमोर आहे. भोरड्यांचा थवा उठतो तेव्हा आभाळात चादर झटकल्यासारखी दिसते, एका अंगानं काळी आणि वळली की गुलाबी, आणि खाली कणसात दाणा राहिलेला नसतो. तुमचं नुकसान खरं आहे, ते मी छोटं करत नाही.

पण भोरडी परकी नाही, पाव्हणी आहे. तिला कुणी पिंजऱ्यात घालून इथं आणलं नाही. ती मध्य आशियातल्या आणि पूर्व युरोपच्या गवताळ माळांवर उन्हाळ्यात पिल्लं काढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून स्वतःच्या पंखांवर आपल्याकडं उतरते, मार्च-एप्रिलमध्ये परत जाते. हा रस्ता तिच्या जातीच्या अंगात आहे. इथलं रान तिला ओळखतं आणि ती इथल्या रानाला ओळखते, ज्वारी सोडून ती आपल्याकडं किडे-अळ्याही खाते, आणि पळस-सावर फुलली की त्या फुलांवर तुटून पडते, तिला पळसमैना नाव पडलं ते त्यातूनच. ती पिल्लं काढते तिकडं टोळ हे तिचं मुख्य खाणं, आणि चीनच्या शिंजियांग भागात तर टोळ खावेत म्हणून माणसं तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून ठेवतात. म्हणजे एकाच पाखराचं तिकडं स्वागत आणि इकडं गोफण, आणि दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्याचं आपापल्या जागी बरोबर.

परकं म्हणजे काय ते तुम्हाला पाखरापेक्षा गवतावरून लवकर पटेल. गाजरगवत आठवा. ते अमेरिकेतलं, आपल्या जमिनीत त्याला खाणारं काहीच नव्हतं, १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे. वेडी बाभूळही तशीच. उपद्रव करतं ते परकं असं नाही, उपद्रव आपल्या उंदराचाही असतोच. माणसाच्या हातानं आलं ते परकं. आमच्या सहलीतला सातवा डबा याच प्रश्नाचा होता. त्यात गायबगळ्याचं कार्ड, म्हणजे नांगरामागं किडे टिपत चालणारा आपला पांढरा बगळा, आणि कार्डावर एवढंच लिहिलेलं की हा परका का पाव्हणा? गोष्ट अशी की गायबगळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आफ्रिकेतून अख्खा अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला, कुणी नेला नाही, आपण होऊन गेला, आणि तिथून पसरत पुढच्या पन्नास-साठ वर्षांत उत्तर अमेरिकेपर्यंत गेला. म्हणून त्याला तिकडं कुणी साळुंकीच्या रांगेत बसवत नाही. ओढ्याकाठी या कार्डावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि डबा शोधण्यापेक्षा तो वादच लोकांच्या लक्षात राहिला.

ताई, मी नववीत आहे. आमच्या घराच्या पत्र्याखाली साळुंकीचं घरटं आहे. ती तर किती आपली आहे, तिला तुम्ही वाईट यादीत का टाकलं? मला वाईट वाटलं.
*एक विद्यार्थिनी, सेलू, जि. परभणी*

बाळा, तुझी साळुंकी तुझीच आहे आणि सेलूत ती अगदी बरोबर जागी आहे. तिचं घरटं आहे तिथंच राहू दे.

यात तिची चूक काहीच नाही. १८६२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला माणसांनी साळुंक्या नेऊन सोडल्या, पिकावरचे किडे खातील म्हणून, आणि पुढं क्वीन्सलंडमध्ये उसाच्या रानांसाठीही नेल्या. तिथं त्या शहरात मस्त वाढल्या. आता साळुंकीला घरट्यासाठी काय लागतं ते तू रोज बघतेस, एखादं भोक, एखादी फट, पत्र्याखालची जागा. तिकडच्या रानात अशी जागा म्हणजे जुन्या झाडांच्या ढोल्या, आणि त्या ढोल्यांत तिथले रंगीत पोपट पिल्लं काढायचे. साळुंकी भांडखोर आहे हे तू पाहिलंच असशील, दोघी एकमेकींना पायात धरून जमिनीवर लोळतात बघ. तिकडच्या पोपटांना त्या ढोलीतून हुसकून लावतात. निसर्ग संवर्धनाचं काम करणारी आययूसीएन ही जागतिक संस्था आहे, तिच्याशी जोडलेल्या तज्ज्ञांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जीवांची यादी केली, त्यात पक्षी तीनच, आणि तिघांतले दोन तुझ्या अंगणातले आहेत, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. तिसरी युरोपातली स्टार्लिंग, म्हणजे भोरडीची चुलतबहीण. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात साठेक स्टार्लिंग सोडल्या होत्या, आता त्या अख्ख्या उत्तर अमेरिकेत आहेत.

बुलबुल फिजी बेटांवर १९०३च्या आसपास पोचला, आपल्याकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जी माणसं नेली त्यांच्या सोबत. मला ही गोष्ट फार लागते. समुद्रापार जाताना कुणीतरी गावाकडचा बुलबुल पिंजऱ्यात घालून बरोबर घेतला, त्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून, यात वाईट हेतू कुठं शोधायचा. कावळ्याचं पण असंच आहे, १८९०च्या दशकात झांझिबारला कचरा साफ करायला म्हणून नेला, तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यानं पसरला, तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं खायला लागला, आणि २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्यानं वर्ष संपायच्या आत दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं. आपण पितरांच्या जेवणाला ज्याची वाट बघतो तोच हा कावळा.

तू एक काम कर. पत्र्याखालच्या घरट्यात साळुंकी काय काय आणते ते आठवडाभर वहीत लिही आणि मला पाठव.

तुम्ही दिलेले सरावाचे आकडे आम्ही घरबसल्या नकाशात टाकून पाहिले तर ठिकाण भलतीकडंच दाखवायलंय, शहरात असायला पाहिजे ते पार खाली रानात. आकडे चुकीचे छापलेत का?
*एक वाचक, बीड*

छपाईत चूक नाही, तुमच्या हातून जे झालं ते सुरुवातीला सगळ्यांकडून होतं. आम्ही सरावाला १९° ५२.३४५ उत्तर, ७५° २०.५०० पूर्व असे आकडे दिले होते. यात ५२.३४५ ही मिनिटं आहेत, अंशाचा भाग नाही. तुम्ही बहुतेक १९.५२३४५ आणि ७५.२०५०० असं टाकलंत. एका अंशात ६० मिनिटं असतात म्हणून ५२.३४५ ला ६० नं भागायचं, ०.८७२४२ येतं, म्हणजे खरा आकडा १९.८७२४२. तसंच पूर्वेचा ७५.३४१६७. तुमच्या आणि खऱ्या आकड्यात उत्तर-दक्षिण जवळजवळ ३९ किलोमीटरचा फरक पडला आणि वर १४ किलोमीटर पश्चिमेला सरकलात, म्हणून संभाजीनगर सोडून नाथसागराच्या अंगाला निघालात.

आकडे बरोबर टाकले तरी मोबाईल तुम्हाला डब्यावर नेऊन उभं करत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरची चूक धरून चालायचं, दाट झाडाखाली त्याहून जास्त. पंधरा-वीस पावलं राहिली की मोबाईल खिशात घाला आणि डोळे वापरा.

आमच्या घरी चार लव्हबर्ड आहेत. तुमचं वाचून मुलगी म्हणते आई सोडून देऊ, बिचारे अडकलेत. गोदावरीकाठी नेऊन सोडले तर चालेल का? आणि शेजारी एक पोपट पाळलाय त्याचं काय?
*एक गृहिणी, नांदेड*

नका सोडू ताई. मुलीच्या मनात आलं ते फार चांगलं आहे, तिला रागावू नका, पण सोडू नका.

आपल्याकडं दुकानात लव्हबर्ड म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, हिरवे-पिवळे-निळे, गळ्यावर काळे ठिपके. ते ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, ते जरा थोराड असतात. दोन्हीही पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले, शिक्रा दिसला की लपायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, नांदेडच्या उन्हात पाणी कुठं शोधायचं ते माहीत नाही. सोडलेत तर बहुतेक दोन-चार दिवसांत कावळे किंवा मांजर धरेल. आणि समजा नाहीच मेले, जगले, वाढले, तर दुसरी काळजी. लंडनमध्ये आज जे हजारो हिरवे पोपट उडतात ते आपलेच कंठवाले राघू आहेत, पिंजऱ्यातून सुटलेल्या-सोडलेल्यांचे वंशज, १९७०च्या सुमारापासून तिथं पिल्लं काढायलेत. ज्यानं पहिला पिंजरा उघडला त्यालाही बिचारा म्हणूनच वाटलं असेल.

तुम्ही असं करा, चौघांना मोठा पिंजरा करा, आडवा, ज्यात पंख पसरून इकडून तिकडं उडता येईल. अंड्यासाठी मडकं ठेवलं असेल तर ते काढून टाका म्हणजे संख्या वाढणार नाही. आणि नवीन विकत आणू नका.

शेजारचा पोपट जर आपला देशी राघू असेल तर तो पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, पिंजरा सोन्याचा असला तरी. पण त्यालाही तुम्ही परस्पर उडवून देऊ नका, लहानपणापासून पिंजऱ्यात असेल तर त्याला उडण्याची सवय करून मगच सोडावं लागतं. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. शेजाऱ्यांशी आधी नीट बोला, बऱ्याच लोकांना हा कायदाच माहीत नसतो.

नाथसागरावर आम्ही वर्षानुवर्षं रोहित आणि पट्टकदंब बघतो. नातवाला वाटायला लागलंय की ते पण परके. काय सांगू त्याला?
*निवृत्त मुख्याध्यापक, पैठण*

काका, त्याला सांगा की पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला रानहंस, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वरून उडताना त्याची नोंद झालीय, आणि एवढं करून जो दरसाल तुमच्या दारात येतो तो पाव्हणा. आमच्या सहलीचा शेवट नाथसागराच्या काठावरच होता, तिथं मुद्दाम डबा ठेवला नव्हता कारण ते अभयारण्य आहे, १९८६ पासून. नुसते आकडे दिले, तिथं जाऊन दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं, बस.

आमच्या शाळेत हे करायचं ठरतंय. डबे कुठं लपवावेत, कोडी कशी घालावीत, कशाची काळजी घ्यावी, सविस्तर सांगा.
*एक शिक्षिका, अंबाजोगाई*

मॅडम, आधी माझ्याकडून काय चुकलं ते सांगते, म्हणजे बाकीचं समजेल.

तिसरा डबा मी स्वतः आदल्या दिवशी संध्याकाळी लपवला होता, ओढ्याकाठच्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत, डोक्याच्या वर हातभर उंच. जागा एकदम छान वाटली. सकाळी सहाला तपासायला गेले तर राघूंची जोडी त्या झाडाभोवती ओरडत फिरत होती, एक सारखा ढोलीच्या तोंडाशी येऊन लटकायचा, आत डोकं घालायचा, माझ्या डब्याच्या निळ्या झाकणावर चोच आपटायचा आणि उडून जायचा. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे राघूंनी ढोल्या धरायचे दिवस, मला माहीत होतं आणि तरी सुचलं नाही. मी डबा काढला तेव्हा माझे हात थरथरत होते, कारण त्या डब्यात कार्ड साळुंकीचं होतं, ढोली बळकावणारी म्हणून तिच्यावर मीच चार ओळी लिहिल्या होत्या. लांब बांधावर जाऊन बसले. वीसेक मिनिटांनी मादी आत शिरली.

तेव्हापासून ढोली, घरटं, भिंतीतलं भोक, दगडांची कपार जिथं साप-विंचू असू शकतो, यातलं काहीच नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. खणायचं नाही. लेण्या, किल्ला, जुनं देऊळ यांच्या दगडांत काही कोंबायचं नाही, अंबाजोगाईत तुमच्या आसपास असं खूप आहे म्हणून खास सांगते. बांधावरच्या दगडांच्या ढिगाला टेकून, कुंपणाच्या खांबामागं, पाण्याच्या टाकीच्या कडेला, अशा जागा भरपूर असतात. ज्याची जमीन त्याला आधी विचारायचं, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात शाळेचं नाव, फोन नंबर आणि यात खेळाचं सामान आहे असं लिहायचं, बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावतात, त्यांचं बरोबरच आहे. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि माकडं तुमच्या आधी डबा शोधतील.

कोडं असं घालता येतं. मिनिटांच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक कोरे सोडा, समजा १९° ५२.कखग. क म्हणजे साळुंकी मेलबर्नला गेली त्या सालाचा शेवटचा अंक, ख म्हणजे स्टार्लिंग न्यूयॉर्कला सोडल्या त्या सालाचा तिसरा अंक, ग म्हणजे केनियानं कावळ्यांचा निर्णय केला त्या सालाचा शेवटचा अंक. वर वाचलेलं नीट लक्षात असेल तर २९४ येतं. उत्तर चुकलं तर पोरं किती लांब जातील ते आधी तुम्ही स्वतः मोजून ठेवा, शेवटच्या अंकात एकानं चुकलं तर जेमतेम दोन मीटर पण पहिल्या अंकात एकानं चुकलं तर जवळजवळ १८५ मीटर फरक पडतो, जास्त चुकलं तर त्याच पटीत, आणि तिथं विहीर नाही ना ते बघा. विहिरीचं मी दोनदा सांगितलं असतं तरी कमीच.

फेब्रुवारी संपायच्या आत उरका, मार्चपासून आपल्याकडं सकाळी दहालाच दगड तापतो. आणि वहीसोबत पेन नको, पेन्सिल ठेवा, दंव पडलं की पेनाची शाई फुटते आणि आमच्या वहीतली पहिल्या नऊ जणांची नावं तशीच गेली.